येतो-जातो असा दोष: एका जुन्या ट्रान्सीव्हरच्या दुरुस्तीच्या नोंदी

३ जानेवारी २०२६

काकांचा संच आज टेबलावर आला. १९७० च्या दशकातला हौशी रेडिओचा हायब्रिड ट्रान्सीव्हर आहे, म्हणजे पाठवणं आणि ऐकणं दोन्ही एकाच पेटीत. आत सगळीकडे ट्रान्झिस्टर, फक्त पाठवण्याच्या बाजूला व्हॉल्व्ह: ड्रायव्हरला (शेवटच्या टप्प्याला सिग्नल पुरवणाऱ्या भागाला) १२बीवाय७ए आणि शेवटच्या टप्प्यात ६१४६बी ची जोडी. मी आयुष्यात पहिल्यांदा एसएसबी (हौशी रेडिओवर बोलण्याची पद्धत) ऐकली ती याच संचावर, काकांच्या शेजारी स्टुलावर बसून. त्यामुळे हे काम घाईने उरकायचं नाही, हे आधीच ठरवलं आहे.

तक्रार त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवतो: "मध्येच बहिरा होतो रे. कधी कधी समोरच्याचा आवाजच बदलतो. टपली मारली की शुद्धीवर येतो."

ही वाक्यं जशीच्या तशी लिहिली, कारण त्यात तीन गोष्टी आहेत आणि त्या एकाच दोषाच्या असतील असं गृहीत धरायला काही आधार नाही. बहिरा होणं वेगळं, आवाज बदलणं वेगळं. टपलीने बरं होणं दोन्हींना लागू आहे की एकालाच, हे काकांना आठवत नाही.

आज काहीही दुरुस्त करायचं नाही, फक्त पाहायचं. येतो-जातो अशा दोषात सगळ्यात मोठं नुकसान आपल्या हातून होतं. एखादा कनेक्टर काढून परत बसवला, एखादा स्क्रू आवळला, की दोष आठवडाभर गायब होतो. तो गेला कशाने हेही कळत नाही आणि परत कधी येईल हेही कळत नाही.

झाकणं काढून आतून पाहिलं. धूळ बेताची. मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुगलेले नाहीत. वायरिंगचा मुख्य जुडगा कोणीतरी पूर्वी सोडून पुन्हा बांधला आहे, कारण मूळचा मेणाचा दोरा जाऊन तिथे प्लॅस्टिकच्या पट्ट्या आल्या आहेत. वरच्या झाकणाला आतून स्पीकर लावलेला आहे, त्याची दोन तारांची शेपटी प्लगने निघते. झाकण उचलताना ती आठवणीने काढायची.

व्हॉल्व्हच्या प्लेटला सुमारे ८०० व्होल्ट असतात. बंद केल्यावर ब्लीडर रेझिस्टर कपॅसिटर रिकामे करतात, पण पन्नास वर्षांच्या ब्लीडरवर विसंबता येत नाही. म्हणून नियम: प्लग काढायचा, थांबायचं, मीटरने मोजायचं, मगच हात घालायचा. आज बंद केल्यावर मोजत बसलो, व्होल्टेज व्यवस्थित खाली आलं. तरीही दर वेळी मोजणार.

४ जानेवारी

संच सुरू केला. व्हॉल्व्हचा हीटर बंद ठेवायची वेगळी कळ आहे, ती बंदच ठेवली. रिसीव्हर पूर्ण ट्रान्झिस्टरचा असल्यामुळे हीटरशिवायही ऐकू येतं.

वीस मिनिटांत बहिरेपणा पकडला. १४ मेगाहर्ट्झवर नीट ऐकू येत असलेलं स्टेशन अचानक खोल विहिरीत गेल्यासारखं झालं. एस-मीटर, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणारा मीटर, शून्यावर. पार्श्वभूमीची खरखरही गेली. मी हात मागे घेतले आणि कॅलिब्रेटर सुरू केला.

दोष रिसीव्हरच्या आत की त्याआधी, हा माझा पहिला खरा प्रश्न होता. कॅलिब्रेटर म्हणजे संचातला २५ किलोहर्ट्झचा क्रिस्टल मार्कर, दर २५ किलोहर्ट्झवर एक स्थिर सिग्नल देणारा. सर्किटच्या नकाशात पाहिलं तर तो अँटेना रिलेच्या (अँटेना पाठवण्याकडे किंवा ऐकण्याकडे वळवणाऱ्या स्विचच्या) पुढे, थेट रिसीव्हरच्या तोंडाशी जोडलेला आहे. म्हणजे मार्करही बारीक ऐकू आला तर दोष रिसीव्हरच्या आत. मार्कर ठणठणीत आणि फक्त अँटेना गेलेली असेल, तर दोष अँटेनाच्या सॉकेटपासून रिलेपर्यंत.

मार्कर ठणठणीत होता.

अँटेनाऐवजी डमी लोड (शक्ती जिरवणारा रेझिस्टर) लावून मायक्रोफोनचं बटण क्षणभर दाबलं आणि सोडलं. अँटेना पुन्हा लावताच रिसेप्शन पूर्ण परत. रिलेच्या संपर्कबिंदूंवर चढलेल्या पातळ थराचं हे नेहमीचं लक्षण आहे. एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) एस-मीटरवरचं एस-९ म्हणजे ५० ओहमवर ५० मायक्रोव्होल्ट, शक्तीत मोजायचं तर ५० पिकोवॅट. एवढ्याशा सिग्नलला संपर्कावरचा ऑक्साइडचा पापुद्रा भेदता येत नाही. पाती एकदा हलली, घासली, की वाट मोकळी होते.

५ जानेवारी

रिलेचं काम. इथे पॉलिश पेपर चालवायचा नाही. संपर्कावर चांदीचा पातळ मुलामा असतो, तो एकदा खरवडला की पुढच्या वर्षी दुप्पट त्रास. जाडसर साध्या कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवली, संपर्कांमध्ये घातली, पाती बोटाने हलकेच दाबली आणि पट्टी ओढून काढली. पहिल्या पट्टीवर काळी रेघ आली. सहाव्या पट्टीवर काही नाही. शेवटी एक कोरडी पट्टी.

बहिरेपणा गेला असं आज लिहीत नाही. आठवडाभर पाहीन.

१० जानेवारी

रोज संध्याकाळी दोन-दोन तास ऐकलं. बहिरेपणा एकदाही आला नाही. तो वेगळा दोष होता आणि त्याचा निकाल लागला, असं आता म्हणता येईल.

आज हीटर सुरू करून हवेवर गेलो. चाळीस-पन्नास मिनिटं उत्तम चाललं. मग समोरचा मित्र म्हणाला, "अरे, तू सरकलास. आवाज चिरका झाला. आता परत आलास. पुन्हा गेलास." त्याच वेळी मला त्याचाही आवाज बदललेला ऐकू येत होता. म्हणजे पाठवताना आणि ऐकताना, दोन्हीकडे एकदमच.

मी पीटीटी, म्हणजे मायक्रोफोनचं बटण, दाबून सोडलं आणि फ्रीक्वेन्सी जागेवर आली. पुन्हा रिलेच, असं क्षणभर वाटलं. पण अँटेनाच्या वाटेतले रिलेचे संपर्क फ्रीक्वेन्सी बदलू शकत नाहीत. रिले बसतो तेव्हा टक्कन हादरा बसतो, चॅसी हलते. पीटीटीने बरं होणं आणि काकांची टपली या एकाच जातीच्या गोष्टी असाव्यात. हे पेन्सिलीने समासात लिहून ठेवलं.

११ जानेवारी

कानावर विसंबून "थोडं सरकलं" असं लिहिण्यात अर्थ नाही. मोजायची सोय केली.

डायल १४.१९९ वर, यूएसबी (वरचा साइडबँड), मार्कर सुरू. मार्करचा एक दात बरोबर १४.२०० वर पडतो, त्यामुळे १००० हर्ट्झचा अखंड सूर मिळतो. तो हेडफोनच्या सॉकेटमधून संगणकात रेकॉर्ड केला आणि स्पेक्ट्रोग्राम (वेळेनुसार सुराचा आलेख) पाहिला. फ्रीक्वेन्सी हलली की पडद्यावरची आडवी रेघ पायरी घेते. किती हर्ट्झ, किती वेळ, किती वाजता, सगळं न झोपता न विसरता नोंदलं जातं.

तीन तासांत निकाल: पहिली ४६ मिनिटं रेघ सावकाश, गुळगुळीत खाली सरकली. ते व्हीएफओचं (डायलने फ्रीक्वेन्सी बदलणाऱ्या ऑसिलेटरचं) नेहमीचं तापणं, त्यात दोष काही नाही. मग एकदम पायरी. सूर १००० वरून साधारण ८५० ला. अकरा सेकंदांनी परत. पुढे चार मिनिटं शांत, मग पुन्हा. प्रत्येक वेळी जवळपास तेवढीच उडी, दीडशे हर्ट्झच्या आसपास. एस-मीटरची सुईही प्रत्येक उडीबरोबर किंचित बसते.

उडीचा आकार दर वेळी सारखा आहे, ही मला आजची सगळ्यात मोलाची नोंद वाटते. घाणेरडा संपर्क असता तर उड्या लहान-मोठ्या, खरखरत आल्या असत्या. इथे काहीतरी दोनच अवस्थांमध्ये अडकलं आहे.

आणखी एक नोंद, अर्थ न कळता: हेडफोनच्या सॉकेटमध्ये प्लग असला की स्पीकर बंद होतो. संध्याकाळी तासभर प्लग काढून स्पीकरवर ऐकलं, तेव्हा उड्या जास्त वेळा आल्या असं वाटलं. मोजलेलं नाही.

१३ ते १६ जानेवारी

वरचं झाकण काढून चार संध्याकाळी रेकॉर्डिंग. एकही पायरी नाही. हीटर सुरू, तीन-तीन तास. रेघ सरळ.

झाकण लावलं, ५२ मिनिटांनी पायरी.

झाकण लावून हीटर बंद ठेवला, चार तास काही नाही.

निष्कर्ष सोपा वाटला: उष्णता. दोन ६१४६बी चे हीटर ६.३ व्होल्टवर प्रत्येकी १.१२५ अँपिअर घेतात, १२बीवाय७ए चे ०.६ अँपिअर. तिन्ही मिळून जवळपास १८ वॅट नुसते बंद डब्यात ओतले जातात, एक वॅटही प्रसारित न करता. झाकण उघडं असलं की ती ऊब निघून जाते. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) आत चिकटवून मोजलं: झाकण बंद आणि हीटर सुरू असताना तासाभरात रेग्युलेटरच्या (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाच्या) पाटीपाशी ४८ अंश. उघड्यावर ३७.

(हा निष्कर्ष अर्धाच बरोबर होता. पुढे ३१ तारखेची नोंद पाहा.)

१७ जानेवारी

सरकतंय नेमकं कोण? या संचात सूर तीन ऑसिलेटर मिळून ठरवतात. बँडचा क्रिस्टल ऑसिलेटर, १४ मेगाहर्ट्झसाठी २२.८९५. मग व्हीएफओ, ४.९ ते ५.५. आणि ३.३९५ च्या आयएफजवळचा (मधल्या फ्रीक्वेन्सीजवळचा) कॅरियर ऑसिलेटर. आत हात न घालता हे तपासता येतं, कारण तिघेही थोडेफार बाहेर झिरपतात. शेजारी दुसरा सर्व-फ्रीक्वेन्सी रिसीव्हर ठेवला, त्याची एक तार संचाजवळ नुसती लोंबत सोडली आणि एकेक ऑसिलेटर ऐकला.

आधी बँड बदलून पाहिला. ७ मेगाहर्ट्झवरही उडी तेवढीच. तिथे क्रिस्टल वेगळा, १५.८९५ चा. दोन वेगळे क्रिस्टल एकाच मापाने सरकण्याचं कारण नाही. बँडचा ऑसिलेटर बाद.

मग व्हीएफओ, ५.३ मेगाहर्ट्झजवळ. पायरी आली तेव्हा दुसऱ्या रिसीव्हरवरही सूर दीडशेने घसरला. चोर सापडला असं वाटून मी व्हीएफओच्या पेटीचे स्क्रू काढायला घेणार होतो. पेटी उघडणं म्हणजे डायलचं कॅलिब्रेशन पणाला लावणं, म्हणून आधी कॅरियर ऑसिलेटरही ऐकून टाकला.

तोही हलतो. अगदी थोडा, चार-पाच हर्ट्झ, पण त्याच क्षणी.

क्रिस्टलवर चालणारा कॅरियर ऑसिलेटर आणि एलसी (कॉइल-कपॅसिटर) सर्किटचा व्हीएफओ एकाच सेकंदाला हलतात, वर एस-मीटर बसतो. तिघांमध्ये समाईक काय? ९ व्होल्टची स्थिर लाइन. व्हीएफओ जास्त हलतो, कारण आरआयटीच्या (ऐकण्याची फ्रीक्वेन्सी थोडी सरकवायच्या सोयीच्या) व्हॅरॅक्टर डायोडला बायस याच लाइनमधून मिळतो. व्होल्टेज उतरलं की डायोडची धारिता वाढते आणि फ्रीक्वेन्सी खाली येते. बँडच्या ऑसिलेटरनेही थोडं हलायला हवं, फक्त ते माझ्या कानाच्या टप्प्यात आलं नाही.

पेटीचे स्क्रू होते तिथेच आहेत. याचा आनंद आहे.

१८ जानेवारी

व्हीएफओच्या पेटीवर जिथे ९ व्होल्ट पोचतात त्या टोकाला बारीक तार जोडली आणि झाकणाच्या जाळीतून बाहेर काढली. मल्टिमीटर मिन-मॅक्सवर.

नेहमीचं: ९.०२ व्होल्ट. पायरीच्या वेळी: ८.६१.

शेजारी जुना काट्याचा मीटरही जोडला होता. डिजिटल मीटर क्षणिक पडझड सरासरीत बुडवतो. काटा मात्र सरळ झुकतो आणि नजर पडद्यावर असली तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतो. अशा कामासाठी तो मीटर कधीही विकू नये.

२४ जानेवारी

व्होल्टेज पडतं, म्हणजे एक तर रेग्युलेटर थकतो किंवा पुढचं काहीतरी जास्त करंट ओढून लाइन खाली खेचतं. रेग्युलेटरच्या आधी १० ओहमचा रेझिस्टर मालिकेत आहे. त्याच्या दोन टोकांतलं व्होल्टेज म्हणजे आयता करंटमापक.

नेहमी १.१५ व्होल्ट, म्हणजे ११५ मिलीअँपिअर. पायरीच्या वेळी १.१० व्होल्ट. करंट वाढण्याऐवजी थोडा कमी झाला, व्होल्टेज जितकं उतरलं त्याच प्रमाणात. म्हणजे पुढचं कोणी जास्त ओढत नाही. रेग्युलेटरला येणारं व्होल्टेजही स्थिर आहे.

तेव्हा रेग्युलेटर. त्यात चारच संशयित: मालिकेतला ट्रान्झिस्टर, एरर अँप्लिफायर, झेनर (संदर्भासाठी ठरावीक व्होल्टेज देणारा डायोड) आणि ९ व्होल्ट जुळवायचा प्रीसेट. मन प्रीसेटकडे धावत होतं. अशा उघड्या कार्बनच्या प्रीसेटवर निम्मे आरोप खरे ठरतात. स्क्रूड्रायव्हर हातात घेतला आणि खाली ठेवला. प्रीसेट एकदा फिरवला की त्याचा संपर्क नव्या जागी बसतो आणि आज दोष त्याच्यात असेल तर तो पुरावा कायमचा जातो.

२५ जानेवारी

झाकण उघडं ठेवून पाटीवर गरम हवा सोडली, कागदाच्या नळीतून, एकेका भागावर. ट्रान्झिस्टर, झेनर, प्रीसेट. थर्मोकपलने ५५ अंश दाखवेपर्यंत. ९.०२ व्होल्ट. मग शीतकरणाचा फवारा, काचेच्या झेनरवर अगदी दुरून. ९.०१. लाकडी काडीने प्रत्येक भागावर ठोकलं. काही नाही.

झाकण लावून जे ४८ अंशांना होतं, ते उघड्यावर ५५ ला होत नाही. पाच तास गेले. आज मन खट्टू आहे. काकांचा फोन आला होता, म्हणाले, "घाई नाही रे, तू ऐकतोयस ना त्याला, तेवढं पुरे."

३१ जानेवारी

आठवडाभर संचाला हात लावला नाही. आज फक्त वही वाचली, पहिल्या पानापासून.

दोन ओळींवर थांबलो.

एक: "स्पीकरवर ऐकलं तेव्हा उड्या जास्त वेळा आल्या असं वाटलं." स्पीकरमुळे तापमान बदलत नाही. स्पीकर हलवतो.

दोन: "वरच्या झाकणाला आतून स्पीकर लावलेला आहे." झाकण काढलं की मी डब्यातली ऊब काढतो, तसाच स्पीकरही काढतो. तीन आठवडे मी झाकण म्हणजे फक्त ऊब असं धरून चाललो होतो. झाकण ही वस्तू आहे, ती आत कशाला तरी टेकत असेल, हा विचारच केला नाही.

झाकण उलटं करून स्पीकरच्या चुंबकाच्या पाठीकडे पाहिलं. एका कडेला रंगावर पुसट घासल्याची खूण. मग संचात त्याच्या बरोबर खाली पाहिलं. तारांचा जुडगा, तोच जो कोणीतरी पुन्हा बांधला होता, एका पट्टीच्या गाठीपाशी उंच झालेला. वरच्या तारेच्या आवरणावर तशीच चकाकणारी खूण.

दोष यायला दोन अटी एकदम लागत असतील तर? ऊब आणि दाब. मी दर वेळी एकच अट पुरी करत होतो. हीटर बंद आणि झाकण बंद: दाब आहे, ऊब नाही. झाकण उघडं आणि गरम हवा: ऊब आहे, दाब नाही. प्रत्येक चाचणीचं उत्तर "नाही" आलं आणि ते प्रत्येक उत्तर खरं होतं.

१ फेब्रुवारी

झाकण उघडं. हीटर सुरू, वरून पुठ्ठा आडवा ठेवून आतलं तापमान ४७ अंशांवर आणलं. मार्करचा सूर स्पीकरवर लांबून. मग पुठ्ठ्याच्या फटीतून लाकडी काडी घालून जुडग्याच्या त्या उंचवट्यावर हलकेच दाबलं, चुंबक दाबत असेल तेवढंच.

सूर घसरला.

काडी उचलली, सूर वर. दाबली, खाली. दहा वेळा केलं, दहाही वेळा. महिनाभर वाट पाहायला लावणारा दोष आता हुकमी झाला. मी काडी तशीच हातात धरून काही क्षण नुसता बसून राहिलो.

आता शोधाला वेळ लागणार नव्हता. जुडग्यातून ९ व्होल्टची तार रेग्युलेटरच्या पाटीवरच्या एका उभ्या पिनवर जाते, पिनवर गुंडाळलेली आहे. मीटरची एक टोकणी पाटीच्या तांब्याच्या पट्टीवर, दुसरी त्याच पिनच्या टोकावर. दोन टोकण्यांमध्ये अंतर जेमतेम तीन मिलिमीटर. काडी उचललेली असताना ४ मिलीव्होल्ट. दाबल्यावर ०.४१ व्होल्ट.

सगळं नुकसान त्या तीन मिलिमीटरमध्ये. ०.४१ व्होल्ट भागिले ११० मिलीअँपिअर, म्हणजे पावणेचार ओहमच्या आसपास. रेग्युलेटर पहिल्या दिवसापासून निर्दोष होता. तो पाटीवर ९.०२ देत होता, ते पाटीबाहेर पडताना गळत होते. २४ तारखेला मी दोनच शक्यता लिहिल्या होत्या, स्रोत आणि भार. त्यांच्यामधली वाट ही तिसरी शक्यता वहीत नव्हतीच, आणि मोजणी तर मी वाटेच्या पलीकडच्या टोकाला करत होतो.

बंद करून, व्होल्टेज उतरल्याचं पाहून, थंड संचात त्याच दोन टोकांत ओहममीटर लावला. ०.१ ओहम, म्हणजे मीटरच्या तारांचाच रोध. ओहममीटरवर ही जागा कधीच सापडली नसती. असा सांधा चालू करंटखाली, गरम असताना, पडलेल्या व्होल्टेजवरूनच पकडावा लागतो.

२ फेब्रुवारी

पाटी काढून दहापट भिंगाखाली. पिनच्या भोवती डाखात (सोल्डरमध्ये) बारीक करडं वर्तुळ, पूर्ण गोल. ड्राय सोल्डर. वरून पाहिलं तर डाख चकचकीत, एकसंध दिसतो. प्रकाश आडवा पाडला तरच ती चीर दिसते.

कारण जुळतं. पाटी तापली की जाडीत फुगते, धातूची पिन तितकी फुगत नाही. हजारो वेळा तापून-निवून डाख पिनभोवती सुटतो. तरीही नुसत्या घर्षणाने संपर्क टिकून असतो. वरून चुंबकाने जुडगा दाबला, तारेने पिन एका बाजूला ओढली, की तो संपर्क उरतो तेवढा एका कडेला. स्पीकर वाजला की हादऱ्याने कमी-जास्त होतो. रिले बसला किंवा टपली मारली की पिन पुन्हा नीट टेकते.

जुन्या डाखावर नुसतं वरून नवा डाख ओतायचा नाही. जुना डाख शोषवातीने पूर्ण काढला. पिन मळकट तपकिरी निघाली, ती खरवडून उजळ केली, फ्लक्स लावलं, आधी पिनला कल्हई केली आणि मग ६३-३७ चा कथिल-शिशाचा डाख दिला. हा मिश्रधातू १८३ अंशांना एकदम वितळतो आणि एकदम घट्ट होतो, मधली लिबलिबीत अवस्था त्याला नाही. त्यामुळे निवताना सांधा हलून पुन्हा ड्राय होण्याचा धोका कमी.

७ फेब्रुवारी

एक पिन सुटली तर तिच्या शेजारणींचं काय? व्हॉल्व्हच्या कप्प्याजवळच्या पाट्यांवरच्या सगळ्या पिना भिंगाखाली घातल्या. आणखी तीन ठिकाणी वर्तुळ दिसलं, एक तर आयएफच्या पाटीच्या अर्थच्या पिनवर. तिन्ही तशाच काढून नव्याने केल्या. बाकीच्यांना हात लावला नाही. जे चांगलं आहे ते पन्नास वर्षं टिकलेलं आहे.

जुडग्याच्या त्या पट्टीची गाठ कापली, तारा पसरून चॅसीलगत खाली नेल्या आणि मेणाच्या दोऱ्याने बांधल्या. झाकण बसवण्याआधी उंचवट्याच्या जागी ओल्या मातीची छोटी गोळी ठेवली, झाकण लावलं, काढलं. गोळी दबली नाही. आता चुंबक आणि तारा यांच्यात बोटभर जागा आहे.

१५ फेब्रुवारी

आठ दिवस, रोज चार तास, झाकण चारही स्क्रूंनी घट्ट, हीटर सुरू. मार्करचा सूर एक दिवस स्पीकरवर, एक दिवस हेडफोनवर. स्पीकरच्या दिवशी सूर दुसऱ्या एका टोकातून रेकॉर्ड केला, म्हणजे आवाज मोठा ठेवता आला.

पहिल्या पाऊण तासाचा तो गुळगुळीत उतार आहे. त्यानंतर रेघ सपाट. एकही पायरी नाही. सांध्यावर आता दाबो न दाबो, ४ मिलीव्होल्ट. काल मुद्दाम चॅसीला काकांच्या पद्धतीने टपल्या मारल्या, रेघेवर फक्त ठोक्याचे काटे उमटले, फ्रीक्वेन्सी जागेवर.

प्रीसेट मी शेवटपर्यंत फिरवला नाही. ९.०२ व्होल्ट होते, ९.०२ आहेत.

२२ फेब्रुवारी

संच काकांकडे परत गेला. त्यांनी प्लग लावला, हीटरची कळ टाकली आणि घड्याळाकडे पाहून म्हणाले, "तासभर बसशील ना?" बसलो. प्लेट आणि लोड जुळवताना त्यांचा हात अजूनही मीटरकडे न बघता थांबतो. तास उलटल्यावर १४ मेगाहर्ट्झवर त्यांना एक जुना ओळखीचा आवाज सापडला आणि पुढचा पाऊण तास मी त्या खोलीत आहे हे ते विसरले. मी एस-मीटर बघत होतो. सुई फक्त आवाजाबरोबर हलत होती.

निघण्याआधी झाकणाच्या आतल्या बाजूला, स्पीकरच्या शेजारी, एक कागद चिकटवला. पुढे हा संच उघडणाऱ्यासाठी:

"रेग्युलेटर पाटी, ९ व्होल्टची पिन: डाखाला गोल चीर होती, फेब्रुवारी २०२६ मध्ये नव्याने केला. आणखी तीन पिनाही. तारांचा जुडगा स्पीकरच्या चुंबकाखाली उंच बांधू नये. ९ व्होल्टचा प्रीसेट मूळ जागी आहे, फिरवलेला नाही."